ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या : पेशंट 'हो' म्हणतात, पण टाकत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात तुम्ही सहा महिन्यांपूर्वी डिस्चार्ज नर्स म्हणून लागलात. ऑक्सिकोडोनसारख्या ओपिऑइड, म्हणजे जोरदार दुखण्यावरच्या, व्यसन लागू शकणाऱ्या गोळ्या घेऊन घरी निघालेल्या प्रत्येक पेशंटला तुम्ही उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते सांगता, माहितीपत्रक देता, कागदावर सही घेता. दोन-तीन आठवड्यांनी फोन केला की बहुतेकांच्या घरी बाटली जिथल्या तिथेच असते. त्यात तुमच्या सासूबाईंचा गुडघा बदलून तीन महिने झाले, त्यांच्या अठरा गोळ्या उरल्या आहेत आणि त्या साताऱ्याला भावासाठी न्यायच्या म्हणतात. शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरच्या माणसाला पटवता येत नाही, तर पेशंटला काय शिकवणार?"

या शेवटच्या ओळीसाठी मी उत्तर लिहायला बसले. मी एकवीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली आहेत. त्यातली बरीचशी गुडघा किंवा खुबा बदलायला येणाऱ्या पेशंटना ऑपरेशनच्या आधी आणि घरी जाताना शिकवण्यात गेली. सुरुवातीची काही वर्षं मीही तुमच्यासारखंच पत्रक देत होते आणि तुमच्यासारखीच निराश होत होते.

पेशंटला माहिती नसते म्हणून तो गोळ्या ठेवतो, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. त्याला भीती असते म्हणून तो त्या ठेवतो. ऑपरेशननंतरची दुसरी रात्र ज्याने काढली आहे, त्याला ती नारिंगी बाटली म्हणजे आधार वाटतो. शनिवारी रात्री पुन्हा तसंच दुखलं, डॉक्टरांचा फोन लागला नाही, तर? या प्रश्नाचं उत्तर पत्रकात कुठेच नसतं. आपण 'कसं टाकायचं' शिकवत राहतो आणि तो 'टाकल्यावर माझं काय होईल' याच विचारात असतो. आपल्या लोकांच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते : पैसे मोजून आणलेलं औषध फेकायचं नाही. असू दे, अडीअडचणीला लागेल. ज्यांनी औषधासाठी तालुक्याच्या गावापर्यंत एस.टी.ने प्रवास केलाय, त्यांना हा कंजूषपणा वाटत नाही, शहाणपण वाटतं. त्या शहाणपणाचा मान ठेवूनच पुढे बोलावं लागतं.

ही फक्त आपल्याच लोकांची गोष्ट नाही. २०१७ साली 'जामा सर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या सहा अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. ऑपरेशन झालेल्यांपैकी ६७ ते ९२ टक्के लोकांकडे ओपिऑइड गोळ्या उरल्या होत्या. बहुतेकांनी त्या कुलपात ठेवल्या नव्हत्या आणि नीट विल्हेवाट लावणारे अगदी थोडे होते. अशा गोळ्यांचा गैरवापर करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्या मित्र किंवा नातेवाइकांकडून मिळतात, हे अमेरिकन सरकारच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसतंय. म्हणजे त्या गल्लीतल्या कुणा गुंडाकडून येत नाहीत, बाथरूममधल्या आरशामागच्या कपाटातून येतात. आपल्याकडे गणपतीत दर्शनाला पन्नास-साठ माणसं घरी येतात, त्यांची कॉलेजात जाणारी मुलं येतात आणि सगळे तेच बाथरूम वापरतात. त्या दिवशी ती बाटली कुठे असते, एवढंच मी पेशंटला विचारते. बहुतेक जण क्षणभर गप्प होतात.

आता पत्रकाबद्दल. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी केलेली एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. पेशंटचे तीन गट केले होते. एकाला नेहमीची माहिती, दुसऱ्याला टाकण्याबद्दलचं पत्रक आणि तिसऱ्याला औषध शोषून घेणाऱ्या सक्रिय कोळशाची पिशवी. त्या पिशवीत गोळ्या टाकायच्या, पाणी ओतायचं आणि बंद करून केराच्या डब्यात टाकायची. पहिल्या गटात सुमारे २९ टक्के लोकांनी गोळ्यांची विल्हेवाट लावली, पत्रकाच्या गटात ३३ टक्के आणि पिशवीच्या गटात ५७ टक्के. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हायसं वाटलं. माझं शिकवणं वाईट होतं असं नाही, कागद हे साधनच अपुरं होतं. माणसाच्या हातात वस्तू असली आणि काम स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी दोन मिनिटांत होणारं असलं की ते होतं. गाडी काढून कुठेतरी जायचं म्हटलं की ते पुढच्या शनिवारवर जातं.

म्हणून तुमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीला पहिली विनंती अशा पिशव्यांची करा. नाही म्हणाले तर परत पाठवायच्या पाकिटांची करा, ज्यांचं टपाल आधीच भरलेलं असतं. अशी पाकिटं फार्मसींना उपलब्ध करून द्यावीत, असं बंधन एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, २०२३ मध्ये ओपिऑइड बनवणाऱ्या कंपन्यांवर घालायचं ठरवलं. पण पाकीट काउंटरमागे पडून असतं आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. पेशंटला 'मागा' म्हणू नका. आपणच मागून त्याच्या पिशवीत घाला.

दुसरी गोष्ट वेळेची. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या डोक्यात काही शिरत नाही. रात्रभर झोप नसते, मुलगा गाडी दारात लावून ताटकळत असतो, फिजिओथेरपीचे कागद, रक्त पातळ करायच्या गोळ्या, टाके कधी काढायचे, सगळं एकदम अंगावर येतं. त्या गर्दीत गोळ्या टाकण्याचा विषय शेवटच्या पानावर असतो. मी तो विषय ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीच्या वर्गात नेला. तेव्हा माणूस शांत असतो आणि शेजारी सून, मुलगा किंवा नवरा बसलेला असतो. मी पेशंटपेक्षा त्या शेजारच्या माणसाकडे बघून बोलते, कारण शेवटी उरलेली औषधं टाकायच्या पेटीपर्यंत तोच जाणार असतो.

त्या वर्गात मी चार प्रश्न विचारते आणि उत्तरं त्यांच्याकडूनच लिहून घेते. बाटली घरात कुठे राहील? त्या घरात कोण कोण राहतं आणि कोण येतं-जातं? उरलेल्या गोळ्या कुठे टाकणार, त्या जागेचं नाव काय? आणि कुठल्या तारखेला? चौथ्या प्रश्नाला लोक अडखळतात. मग मी कॅलेंडर पुढे करते आणि सहा आठवड्यांनी सर्जनची जी भेट असते, तिच्यावर बोट ठेवते. गोळ्यांची जरूर संपली की त्याच दिवशी, जाता-येता, वाटेवरच्या पेटीत. वेगळी फेरी नाही. ही एक युक्ती मला कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

पण खरी मेहनत भीतीवर घ्यावी लागते. मी सरळ सांगते, "गोळ्या टाकल्यावर पुन्हा जोरात दुखलं, तर हा नंबर. रात्री दोन वाजताही उचलतात." आणि तो नंबर मी आधी स्वतः लावून बघितलेला असतो. तुम्हीही बघा. एकदा आमच्या कागदावरचा नंबर रात्री नऊनंतर नुसता वाजत राहायचा, हे मला एका पेशंटच्या मुलीने सांगितलं तेव्हा कळलं. त्या बाईंनी दोन महिने गोळ्या का सांभाळून ठेवल्या होत्या, ते त्याच दिवशी समजलं. आपण त्यांचा आधार काढून घेतोय, तर बदल्यात काही द्यायला नको का? ऑक्सिकोडोनला रिफिल मिळत नाही, प्रत्येक वेळी नवीन प्रिस्क्रिप्शन लागतं, हे लोकांना ठाऊक असतं. म्हणून ते जपून ठेवतात. सर्जन ते प्रिस्क्रिप्शन थेट फार्मसीला पाठवू शकतात, तुम्हाला कागद घेऊन धावावं लागत नाही, एवढं सांगितलं तरी खांदे सैल पडतात.

भाषेबद्दल एक अनुभव सांगते, कारण तुमच्याकडेही मराठी, गुजराती घरातली मंडळी येत असणार. 'पेन मेडिसिन' म्हटलं की आपल्या आजीला टायलेनॉल, आयबुप्रोफेन, ऑक्सिकोडोन सगळ्या एकाच पंगतीतल्या 'दुखायच्या गोळ्या' वाटतात. मी एकदा एका आजींना म्हटलं, "आजी, ही अफूच्या कुळातली गोळी आहे." त्या ताडकन सावरून बसल्या. त्यांच्या गावात अफूचं व्यसन लागलेला माणूस त्यांनी बघितला होता. मला वाटलं, बरं झालं, समजलं. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टचा निरोप आला : आजी एकही गोळी घेत नाहीत आणि दुखतंय म्हणून पाय वाकवत नाहीत. गुडघा बदलल्यावर पहिल्या आठवड्यांत पाय वाकवला नाही तर तो आखडून बसतो. चूक माझी होती. तेव्हापासून क्रम बदलला. आधी सांगते, "पहिले काही दिवस ही गोळी लागेल, ठरवून दिलेल्या वेळी घ्या, लाज वाटून घेऊ नका, तिच्यामुळेच तुम्ही चालाल." मग सांगते, "ही अफूच्या कुळातली आहे, म्हणून तिचं काम झालं की ती घरात ठेवायची नाही." दोन्ही वाक्यं लागतात आणि ह्याच क्रमाने.

टाकायची कधी, यावर मी कडक नियम सांगत नाही, कारण ते ऑपरेशनवर आणि माणसावर अवलंबून आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांनी बहुधा एकाही गोळीची गरज पडत नाही. गुडघ्याच्या पेशंटला फिजिओथेरपीच्या आधी अर्धी-एक गोळी काही आठवडे लागू शकते. मी माझ्यापुरतं असं ठरवलंय : सलग सात दिवस एकही गोळी लागली नाही आणि सर्जन किंवा फिजिओथेरपिस्टने पुढे काही मोठा व्यायाम बाकी नाही असं सांगितलं, की काम संपलं. जे पेशंट आधीपासून, वर्षानुवर्षं अशा गोळ्या घेत आहेत, किंवा ज्यांना कॅन्सरचं दुखणं आहे, त्यांना हा हिशेब लावू नका. त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

कुठे टाकायच्या, हा भाग सोपा आहे. न्यू जर्सीत २०११ पासून 'प्रोजेक्ट मेडिसिन ड्रॉप' ही उरलेली औषधं जमा करण्याची योजना चालू आहे आणि अनेक पोलीस ठाण्यांत त्याच्या पेट्या आहेत. आपल्या लोकांना पोलीस ठाण्यात औषध घेऊन जायचं म्हटलं की धास्ती वाटते. आत कुणी नाव विचारत नाही, गोळ्या मोजत नाही, हे आधी सांगा. २०१४ च्या केंद्रीय नियमानंतर फार्मसींना आणि हॉस्पिटलांनाही अशा पेट्या ठेवता येतात, त्यामुळे बऱ्याच मोठ्या फार्मसींच्या दुकानांत त्या दिसतात. गोळ्या पेशंटने किंवा घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने पेटीत टाकायच्या असतात. फार्मासिस्ट त्या काउंटरवर हातात घेऊ शकत नाही आणि तुम्हीही वॉर्डात परत घेऊ शकत नाही. पेशंट आपुलकीने आणून देतात, तेव्हा नाही म्हणणं जड जातं, पण पेटी दाखवायला त्यांच्याबरोबर चालत जा. सुया आणि सिरिंज या पेट्यांत टाकायच्या नाहीत. याशिवाय वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, सकाळी १० ते दुपारी २ पर्यंत डीईएचा, म्हणजे अमली पदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचा, औषधं परत घेण्याचा दिवस असतो. २०१० पासून तो चालू आहे.

पेटी फार लांब असेल आणि घरात लहान मूल असेल, तर थांबू नका. ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, मॉर्फिन, टॅपेंटाडॉल, फेंटानिल ही औषधं एफडीएच्या 'फ्लश' यादीत आहेत. पेटी किंवा पाकीट सहज मिळण्यासारखं नसेल तर ती संडासात टाकून पाणी सोडायचं. पाणी दूषित होईल म्हणून पेशंट कचरतात आणि ही काळजी चांगल्या मनाची आहे. पण एका लहान मुलाने एक गोळी तोंडात टाकली तरी श्वास थांबू शकतो आणि एफडीएने हिशेब करून पाहिला तेव्हा या थोड्या औषधांमुळे पर्यावरणाला होणारा धोका नगण्य निघाला. फेंटानिलचा पॅच तर वापरून झाल्यावरही भरलेलाच समजा. तीन दिवसांनी अंगावरून काढला तरी त्यात बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत येईल असा दुमडायचा आणि लगेच फ्लश करायचा. यादीत नसलेल्या औषधांसाठी केराचा डबा चालतो. गोळ्या न कुटता वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात मिसळायच्या, आपल्या घरी चहाचा चोथा असतोच, तोही चालतो. मग पिशवीला गाठ मारायची आणि बाटलीवरचं नाव खरवडून काढायचं.

एका घराची गोष्ट सांगते. ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी एक काका दुसऱ्या गुडघ्यासाठी आले. मी म्हटलं, घरातली सगळी औषधं घेऊन या. त्यांच्या पत्नीने पिशवीतून श्रीखंडाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा काढला. आत सहा-सात तऱ्हेच्या गोळ्या, काही बाटलीत, काही कागदात गुंडाळलेल्या, काही सुट्या. त्यात पर्कोसेटच्या पंचवीस गोळ्या होत्या आणि त्याला लागूनच झोपेची गोळी. मी विचारलं, ही कोण घेतं? काकू म्हणाल्या, "मला पाठ दुखली की मी अर्धी घेते, ह्यांचीच." शिवाय दुखतच राहिलं तर वरून टायलेनॉल. त्यांना माहीत नव्हतं की पर्कोसेटच्या एका गोळीत ५ मिलिग्रॅम ऑक्सिकोडोनबरोबर ३२५ मिलिग्रॅम अॅसिटॅमिनोफेन, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, आधीच असतं आणि टायलेनॉल म्हणजेही तेच. लिव्हरचं ओझं दोन्हीकडून वाढत होतं. आणि झोपेच्या गोळीबरोबर ओपिऑइड म्हणजे झोपेत श्वास मंदावण्याचा धोका. मी रागावले नाही. त्यांनी डबा लपवला नव्हता, विश्वासाने पुढे केला होता. आम्ही टेबलावर एकेक गोळी वेगळी केली. पर्कोसेटच्या बाटलीवरची बारीक अक्षरातली ओळ मी त्यांना मराठीत वाचून दाखवली : ज्या पेशंटच्या नावाने हे औषध दिलंय, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही ते देण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. काकू म्हणाल्या, "बायकोलाही दुसरी समजतात?" मी हो म्हटलं. मग खालच्या मजल्यावरच्या पेटीपाशी आम्ही तिघं गेलो आणि त्यांनीच बाटली आत सोडली.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक वाक्य कायमचं आलं : "आठवड्याभरात घरातला औषधांचा डबा उघडा आणि फोटो काढून आणा." लोक आनंदाने आणतात. त्या फोटोवरून जे कळतं, ते दहा प्रश्न विचारून कळत नाही.

शिकवून झाल्यावर "समजलं ना?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, आपल्या लोकांत तर नर्सला नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर सूनबाईंना तुम्ही हे कसं सांगाल?" ते जे सांगतील, त्यात काय राहिलं ते लगेच दिसतं. आणि तुमचा दोन आठवड्यांनंतरचा फोन चालू ठेवा, फक्त प्रश्न बदला. "गोळ्या टाकल्या का?" म्हटलं की माणूस खोटं बोलतो किंवा ओशाळतो. "बाटलीत आता किती आहेत, मोजून सांगता?" म्हटलं की तो उठून बघतो. बाटली हातात आली की अर्धं काम झालं.

सर्जनशीही बोला, हे नर्सचं काम नाही असं समजू नका. न्यू जर्सीत २०१७ च्या कायद्याने तीव्र दुखण्यासाठी पहिलं प्रिस्क्रिप्शन जास्तीत जास्त पाच दिवसांचं झालं, तरी पाच दिवसांच्या सगळ्या गोळ्या लागतातच असं नाही. तुमच्या फोनवर पेशंट जे आकडे सांगतात, ते नाव न लिहिता, ऑपरेशनप्रमाणे एका वहीत मांडा. आमच्याकडे तीन महिन्यांची अशी वही बघून एका सर्जनने स्वतःहून गोळ्यांची संख्या कमी केली. जी गोळी लिहिलीच गेली नाही, ती टाकायला कुणाला शिकवावं लागत नाही.

आता सासूबाई. त्यांच्या मनात भावाबद्दल माया आहे, तिला हात लावू नका. त्यांना आधी विचारा, मामांचं वय किती, कुठली औषधं चालू आहेत, रात्री घोरतात का, झोपेची गोळी घेतात का. ज्याने आयुष्यात कधी अशी गोळी घेतली नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला ती एकट्याने, घरात, डॉक्टर न बघता देणं किती धोक्याचं आहे, ते या प्रश्नांतून त्यांच्या आपोआप लक्षात येईल. मग कायद्याचं सांगा. ऑक्सिकोडोन भारतात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं. स्वतःचं औषध स्वतःच्या प्रिस्क्रिप्शनसह नेणं वेगळं, दुसऱ्यासाठी बॅगेत घालून नेणं हा गुन्हा. तिकडे ट्रॅमाडॉल ही त्याहून सौम्य ओपिऑइड गोळीसुद्धा २०१८ पासून याच कायद्यात आलंय, यावरून भारतातही हे किती गांभीर्याने घेतात ते त्यांना कळेल. मामांच्या गुडघ्यासाठी साताऱ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ तुम्ही इथून फोन करून घेऊन द्या आणि सासूबाईंना सांगा, "तुमच्या भावाची सोय मी करते." गोळ्या ठेवण्याचं कारण तिथेच संपतं.

हे होईपर्यंत बाटली बाथरूममधून काढून कुलपाच्या कपाटात ठेवा, गोळ्या मोजून आकडा झाकणावर लिहा आणि घरात नालोक्झोनचा, म्हणजे ओपिऑइडचा डोस जास्त झाला तर त्यावर उतारा असलेला, नाकात मारायचा स्प्रे आणून ठेवा. २०२३ पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळायला परवानगी मिळाली आहे. पेटीपाशी जाल तेव्हा सासूबाईंनाच पुढे करा. बाटली त्यांच्या हातून आत पडू दे.